आधी विचारा, “चा” की “आहे”? : इट्स, युअर, देअर आणि हूज यांच्यातला वरचा कॉमा

म्हैस आपलं शेपूट हलवतेय.

एवढं एक वाक्य मी फळ्यावर लिहितो आणि त्याचं इंग्रजी करायला सांगतो. समोरची मुलं-मुली बहुतेक आसपासच्या खेड्यांतली, मराठी माध्यमातून पदवीपर्यंत आलेली. कोणी तलाठी भरतीची तयारी करतंय, कोणी बँकेची, कोणाला पुण्यात पहिली नोकरी धरायचीय. म्हैस बरोबर येते, शेपूट बरोबर येतं, हलवणंही जमतं. अडतं ते “आपलं” या शब्दापाशी. तिथं इट्स लिहायचं हे सगळ्यांना कळतं, आणि निम्म्याहून जास्त जण त्यातल्या टी आणि एस यांच्या मधे वरचा कॉमा देतात.

औशाकडच्या एका मुलीला मी विचारलं, “हा कॉमा का दिलास?” ती म्हणाली, “सर, शेपूट म्हशीचं आहे ना. चा, ची, चे आलं की वरचा कॉमा द्यायचा, शाळेत तसंच शिकलोय आम्ही.”

तिचं उत्तर चुकलं होतं, पण विचार सरळ होता. शिकलेला नियम तिनं प्रामाणिकपणे लावला होता; तो सर्वनामाला लागत नाही, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. त्या दिवसापासून मी हा धडा इंग्रजीच्या बाजूनं शिकवायचं सोडलं आणि मराठीच्या बाजूनं शिकवायला लागलो. हा फरक ओळखायला जे लागतं ते सगळं आपण लहानपणापासून बोलतोय.

याची किंमत छोटी नाही. माझ्या पहिल्या नोकरीच्या अर्जात मी असंच एक चिन्ह चुकवलं होतं. समोरच्या अधिकाऱ्यांनी त्या शब्दाभोवती लाल गोल काढला आणि अर्ज बाजूला ठेवला. काय चुकलं ते सांगितलं नाही. ते माझं मला कळायला दोन वर्षं गेली. २०२३ च्या तलाठी भरतीत मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बौद्धिक चाचणी यांना प्रत्येकी २५ प्रश्न होते. म्हणजे एक चतुर्थांश पेपर इंग्रजीचा, आणि एकेक प्रश्न दोन गुणांचा. अशा ठिकाणी कॉमाला गुण जाऊ द्यायचे नाहीत.

पायरी पहिली : वही घ्या

वहीच्या पहिल्या पानावर म्हशीच्या वाक्याचं इंग्रजी तुम्हाला येतं तसं लिहून ठेवा. खाडाखोड करू नका, शेवटी ते लागणार आहे.

या लेखात इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिलेत. ज्या शब्दात वरचा कॉमा, म्हणजे अपॉस्ट्रॉफी आहे, तिथं मी तो देवनागरी शब्दातही ठेवलाय. इट्स म्हणजे आय-टी-एस, सलग. इट’स म्हणजे आय-टी, मग चिन्ह, मग एस. युअर म्हणजे वाय-ओ-यू-आर. यू’र म्हणजे वाय-ओ-यू, चिन्ह, आर-ई. हूज म्हणजे डब्ल्यू-एच-ओ-एस-ई. हू’ज म्हणजे डब्ल्यू-एच-ओ, चिन्ह, एस. देअर तीन आहेत, ती पुढं येतील. प्रत्येक शब्द वाचताना वहीत रोमन लिपीत उतरवा. हाताला वळण लागल्याशिवाय हा धडा बसत नाही.

आणि कानावर भिस्त ठेवू नका. इट्स आणि इट’स यांच्या उच्चारात तसूभर फरक नाही. आपल्याला हे नवं वाटायचं कारण नाही. दिन म्हणजे दिवस आणि दीन म्हणजे गरीब, सुत म्हणजे मुलगा आणि सूत म्हणजे धागा. बोलताना दोन्ही एकसारखेच निघतात, लिहिताना अर्थ बघून ह्रस्व-दीर्घ ठरवावं लागतं. इथंही अर्थच बघायचा.

पायरी दुसरी : नामाचा “चा” आणि सर्वनामाचा “चा” वेगळे करा

नामाला षष्ठी, म्हणजे चा-ची-चे, लावताना इंग्रजी चिन्ह देऊन एस लावते. म्हशीचं शेपूट म्हणजे बफेलो’स टेल. आईची साडी म्हणजे मदर’स सारी. त्या मुलीनं शाळेत शिकलेला नियम हाच, आणि तो नामापुरता शंभर टक्के खरा आहे.

आता मराठीकडं बघा. गणेश या नामाला आपण चा लावतो, गणेशचा होतं. मग “मी” ला चा लावून “मीचा” म्हणतो का? “तू” चं “तूचा” करतो का? तसं कोणी म्हणत नाही. तिथं भाषेनं माझा, तुझा ही रूपं आधीच करून ठेवलीत. आठवडी बाजारात कानावर पडणाऱ्या दखनीतही राम का असतं, पण मैं का नसतं, मेरा असतं. सर्वनामांना स्वतःची तयार रूपं असतात, ती जशीच्या तशी उचलायची. त्यांना वरून काही जोडायचं नसतं.

इंग्रजीतही हेच. माय, युअर, हिज, हर, इट्स, अवर, देअर, हूज ही माझा-तुझा यांची भावंडं आहेत. यातल्या एकातही चिन्ह नाही. हिजमध्ये कॉमा द्यावा असं कधी कोणाच्या मनात येत नाही, कारण तो शब्द तयार आहे हे डोळ्यांना माहीत असतं. इट्स हा हिजचा सख्खा भाऊ आहे, एवढं मनात पक्कं करा.

वाक्याच्या शेवटी येणारी रूपंही याच घरातली : युअर्स, हर्स, अवर्स, देअर्स. हे शेत आमचं आहे, हे पुस्तक तुमचं आहे, अशा वाक्यांत ती येतात. शेवटी एस दिसला म्हणून हात कॉमाकडं जातो. जाऊ देऊ नका. मात्र कोणाचं तरी म्हणजे समवन’स आणि प्रत्येकाचं म्हणजे एव्हरीबडी’स, यांत चिन्ह असतं. हे शब्द नामासारखे वागतात, म्हणून त्यांना नामाचा नियम.

इट्सचं दुखणं जुनं आहे, हे सांगितलं की मुलांना धीर येतो म्हणून सांगतो. हा शब्द इंग्रजीत सोळाव्या शतकाच्या अखेरीस आला. त्याआधी झाड, घर, नदी यांनाही हिजच लावत. पुढं दोनेकशे वर्षं खुद्द इंग्रज मंडळी या शब्दात कधी चिन्ह घालत, कधी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला चिन्ह नसलेलं रूप कायम झालं.

पायरी तिसरी : “आहे” कुठं दडलाय ते ऐका

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा, इथं घाई नको.

सोऽहम् हा शब्द तुम्ही पाहिलाय. त्यातलं ऽ हे अवग्रहाचं चिन्ह सांगतं की इथला अ गळालाय. इट’समधला वरचा कॉमा तेच काम करतो. इट इज यातला इजचा आय गळाला, त्या जागी चिन्ह बसलं. यू आरमधला ए गळाला, यू’र झालं. दे आरचं दे’र, हू इजचं हू’ज, ही इजचं ही’ज. चिन्ह म्हणजे गळालेल्या अक्षराची खूण.

मराठीतही हे आपण रोज करतो, फक्त चिन्ह देत नाही. आलो आहे याचं आलोय. झालं आहे याचं झालंय. आले आहेत याचं आलेत. आपल्या मराठवाड्यातल्या बोलण्यात तर जायलाय, करायलेत, उकडायलंय असं सारखं चालतं. त्या शेवटच्या य मध्ये, त मध्ये “आहे” किंवा “आहेत” दडलेला असतो.

तेव्हा शब्दावर बोट ठेवा आणि मराठीत एकच प्रश्न विचारा : या शब्दाच्या पोटात चा-ची-चे आहे, की आहे-आहेस-आहेत आहे? पहिलं असेल तर चिन्ह नाही. दुसरं असेल तर चिन्ह हवं.

पैठणच्या जायकवाडी धरणावर करून बघू. ते गोदावरीवर आहे : इट’स ऑन द गोदावरी. त्याचे सत्तावीस दरवाजे मोठे आहेत : इट्स ट्वेंटी-सेव्हन गेट्स आर ह्यूज. पहिल्यात “ते आहे”, म्हणून चिन्ह. दुसऱ्यात “त्याचे”, म्हणून सलग.

दुसरं वाक्य ऐकताच वर्गात हात वर होतो : “सर, दुसऱ्यातही शेवटी आहेत आलंय की!” प्रश्न योग्य आहे. उत्तर असं की त्या “आहेत” साठी वाक्यात आर हा शब्द वेगळा, उघड बसलाय. त्याचा हिशेब झाला. आता इट्सच्या पोटात आणखी एक इज घातला तर एका वाक्यात दोन क्रियापदं होतील, इट इज गेट्स आर ह्यूज, आणि वाक्य मोडेल. म्हणून हा ताळा नेहमी करा : चिन्हाचा शब्द उलगडून पूर्ण वाचा. इट इज, यू आर, दे आर असं मोठ्यानं म्हणून वाक्य उभं राहिलं तर चिन्ह बरोबर, कोसळलं तर चूक.

मराठीच्या वाटेनं जाण्याचा एक मोठा फायदा इथं मिळतो. इट’स हे इट हॅज याचंही लघुरूप असतं, आणि इंग्रजीच्या बाजूनं शिकणारे तिथं हमखास गोंधळतात. आपण नाही. माझा पेन कोणी घेतलाय? हू’ज टेकन माय पेन? इथं हू हॅज आहे, पण मराठीत “घेतलाय” म्हणजे “घेतला आहे” असं वाजलं, आणि चिन्ह आपोआप सापडलं. इज असो की काम पुरं झाल्याचा हॅज असो, मराठीत दोन्हीकडं “आहे”च येतो.

एक अपवाद मात्र ध्यानात ठेवा. मालकी सांगणारा हॅज असा आखडायचा नाही. त्याला लांब शेपूट आहे, याचं इट हॅज अ लाँग टेल असं पूर्ण लिहा.

पायरी चौथी : मराठीतले चकवे

आपली भाषा इथवर मदत करते आणि चार ठिकाणी चकवतेही. माझ्या मते नवशिक्याचे बहुतेक गुण या चार जागी जातात.

पहिला चकवा आपला-आपली-आपलं. म्हशीच्या वाक्यात “तिचं शेपूट” आपण म्हणत नाही, “आपलं शेपूट” म्हणतो. इंग्रजीत “आपला” असा वेगळा शब्द नाही. कर्ता बघायचा आणि त्याप्रमाणे हिज, हर, इट्स, देअर यातला घ्यायचा. त्याच “आपलं” ला आदरार्थी अर्थही आहे : आपलं नाव काय? तिथं युअर. आणि आपलं गाव, म्हणजे तुमचं-माझं दोघांचं, तिथं अवर. अर्थ तीन, पण तिन्ही चा-कुळातले. त्यामुळे चिन्ह कुठंच नाही.

दुसरा चकवा “आहे” चं न दिसणं. हा माझा भाऊ, ही तुझी चूक, असं आपण आहे न म्हणताच बोलतो. हवामान आणि वेळ सांगताना तर “ते” सुद्धा नसतं. पाऊस पडतोय. उकडायलंय. पाच वाजले. यात इटसाठी शब्दच नाही, त्यामुळे इंग्रजी करताना सुचत नाही. इंग्रजीला मात्र वाक्याच्या तोंडाशी कर्ता लागतोच, म्हणून ती नावापुरता इट बसवते : इट’स रेनिंग. इट’स हॉट. इट’स फाइव्ह. अशा इटच्या मालकीचं काही नसतं. पावसाची, उकाड्याची, वेळेची अशी वाक्यं सुरू करताना चिन्ह बिनधास्त द्या.

तिसरा चकवा आदराचा, आणि तो मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण चांगल्या घरच्या वळणामुळे तो लागतो. बाबा त्यांच्या शेतात गेलेत. आपण वडिलांना अहो-जाहो करतो, म्हणून “त्यांच्या” म्हणतो. त्याचं इंग्रजी करताना मुलं देअर लिहितात. इंग्रजीत एका माणसाला हिजच, मग ते वडील असोत की जिल्हाधिकारी. तसंच सर येतायत याचं दे’र नाही, ही’ज कमिंग. मुलांना वाटतं हिज म्हटल्यानं वडिलांचा मान कमी होईल. तसं होत नाही. इंग्रजी आपला आदर सर्वनामाच्या अनेकवचनातून दाखवत नाही, इतकंच.

हिज आणि ही’ज यांतही गफलत होते. सुदैवानं देवनागरीत त्यांचं ह्रस्व-दीर्घ डोळ्यांना दिसतं. त्याचा तो ह्रस्व हिज, तो आहे तो दीर्घ ही’ज.

चौथा चकवा इंग च्या रूपाचा. तू चांगलं वाचतोयस आणि तुझं वाचन चांगलं आहे, या दोन्हींत रीडिंग येतं. पहिल्यात वाचणं हे क्रियापद आहे, वाचतोयसमध्ये आहेस दडलाय : यू’र रीडिंग वेल. दुसऱ्यात वाचन हे नाम झालंय : युअर रीडिंग इज गुड. इंग दिसलं की चिन्ह, असा एक सोपा नियम काही गाईडांत दिलेला आढळतो. तो धरू नका. मराठीत बदलून बघा, वाचन झालं की वाचतोयस, ते लगेच कळतं.

पायरी पाचवी : जोड्या एकेक करून

युअर आणि यू’र. तू, तुम्ही, आपण या तिघांना इंग्रजीत एकच यू आहे, त्यामुळे तुझा-तुमचा-आपला हे सगळे युअर आणि आहेस-आहात हे सगळे यू’र. मोबाइलवरच्या संदेशात या दोघांची अदलाबदल फार दिसते. तुझं स्वागत आहे, असं म्हणायला यू’र वेलकम लिहायचं असतं. इथं मराठीकडं बघून युअर लिहिण्याचा मोह होतो, कारण “तुझं” ऐकू येतं. पण इंग्रजी वाक्याची घडण “तू स्वागतयोग्य आहेस” अशी आहे. उलगडून वाचा, यू आर वेलकम उभं राहतं. जिथं मराठी भाषांतर फसवतंय असं वाटेल तिथं उलगडून वाचण्याचा ताळा शेवटचा शब्द मानायचा.

देअरची तीन भावंडं. यांना मी वर्गात नावं दिलीत. पहिलं वारसाचं देअर : टी-एच-ई-आय-आर. त्यातला टी झाकला की एच-ई-आय-आर उरतं, म्हणजे एअर, वारस. सातबाऱ्यावर वारसाची नोंद झाली की मालकी येते. हे मालकीचं देअर, त्यांचा-त्यांची-त्यांचं. दुसरं जागेचं देअर : टी-एच-ई-आर-ई. त्यातला टी झाकला की हिअर उरतं, म्हणजे इथं. जे इथं-तिथं सांगतं ते हे. काही अस्तित्वात आहे असं सांगणारं देअरही याच स्पेलिंगचं : मराठवाड्यात आठ जिल्हे आहेत, देअर आर एट डिस्ट्रिक्ट्स इन मराठवाडा. तिसरं दे’र : टी-एच-ई-वाय, चिन्ह, आर-ई, म्हणजे ते आहेत, त्या आहेत, ती आहेत.

नाफेडच्या खरेदी केंद्रावरचं चित्र डोळ्यांसमोर आणा. शेतकरी रांगेत उभे आहेत : दे’र स्टँडिंग इन अ क्यू. त्यांचं सोयाबीन पोत्यांत आहे : वारसाचं देअर. ट्रॅक्टर तिथं उभा आहे : जागेचं देअर. हे एक चित्र तीन वाक्यांत वहीत उतरवलं की ही त्रिकूट पुन्हा सुटत नाही, असा माझा अनुभव आहे.

देअर्स आणि देअर’स यांच्यातही हाच न्याय. ते शेत त्यांचं आहे, तिथं देअर्स, वारसाच्या स्पेलिंगला एस. घरात पाहुणा आहे, तिथं देअर’स, जागेच्या स्पेलिंगला चिन्ह आणि एस.

हूज आणि हू’ज सोपे आहेत. कोणाचं ते हूज, कोण आहे किंवा कोणी केलंय ते हू’ज. संभाजीनगरचा बीबी का मकबरा यासाठी छान कामाला येतो. ही कबर कोणाची आहे? हूज टूम इज इट? ती दिलरस बानू बेगमची आहे : इट’स दिलरस बानू बेगम’स टूम. एका उत्तरात दोन चिन्हं आली. इट’समध्ये “आहे” आहे, आणि बेगम हे नाम असल्यामुळे त्याच्या “ची” ला चिन्ह मिळालं. प्रश्नातला हूज सर्वनाम, त्याला काही नाही. या एका जोडीत अख्खा धडा आलाय, ती पाठ केली तरी हरकत नाही. हूज वस्तूंनाही चालतो. ज्या गावाचा बाजार मोठा आहे, अशा रचनेत “ज्याचा” साठी तोच येतो.

लेट’स म्हणजे लेट अस, चला आपण करू या. लेट्स म्हणजे तो करू देतो. एवढं पुरे.

अनेकवचनाला मात्र कॉमा नको. दुकानाच्या पाटीवर सारी’स, फोटो’स असं रंगवलेलं कुठल्याही तालुक्याच्या मुख्य रस्त्यावर दिसतं. तिथं “चा” नाही आणि “आहे” ही नाही. साड्या आहेत, फोटो आहेत, इतकंच. पाटी करायला देणारे तुमच्या घरचे कोणी असतील तर रंग सुकायच्या आधी सांगा.

पायरी सहावी : लिहून झाल्यावर तपासायची रीत

पेपरात वेळ कमी असतो, म्हणून दोन झटपट खुणा देतो.

पहिली, शब्दाच्या पुढं काय आलंय ते बघा. इट्स, युअर आणि वारसाचं देअर यांना पुढं नाम लागतं, हूजलाही बहुधा. मधे मोठा, जुना, काळा असं विशेषण आलं तरी शेवटी नाम येतंच. लघुरूपाच्या पुढं बहुधा इंगचं क्रियापद, विशेषण, ए किंवा द, नाहीतर इन, ऑन, ॲट असे शब्द येतात.

दुसरी, वाक्याचा शेवट बघा. इट’स, यू’र, दे’र ही लघुरूपं होकारार्थी वाक्याच्या अगदी शेवटी येत नाहीत. हो, आहे, असं उत्तर द्यायचं तर येस, इट इज असं पूर्णच लिहावं लागतं. पर्यायात वाक्य लघुरूपावर संपत असेल तर तो पर्याय खोडा.

मोबाइलवर लिहीत असाल तर तिसरी काळजी. कीबोर्ड आपल्या मनानं शब्द सुचवतो आणि साध्या इट्सला कॉमा चिकटवून टाकतो. अर्ज, ईमेल पाठवण्याआधी चिन्ह असलेला प्रत्येक शब्द उलगडून एकदा वाचा. संगणकावर हे चिन्ह एंटरच्या डाव्या हाताला लागून असतं. लांबलचक अर्जात लघुरूपं न वापरता इट इज, यू आर असंच लिहिलेलं मला जास्त योग्य वाटतं. औपचारिक लेखनाला ते शोभतं आणि चुकायची जागाही उरत नाही.

आता सराव. आधी मराठी वाचा, वहीत इंग्रजी करा, मगच खाली बघा.

१. मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली स्थापन झालं. ते संभाजीनगरात आहे. त्याचं नाव १९९४ साली बदललं.
२. दार कोण वाजवतंय?
३. आजोबा त्यांच्या खोलीत आहेत.
४. सोयाबीन बघ. ते वाळलंय. त्याच्या शेंगा फुटायल्यात.
५. तू बरोबर बोलतोयस. तुझं बोलणं मला पटलं.
६. पाहुणे आलेत. ते ओसरीवर बसलेत. त्यांच्या चपला तिथं आहेत.

पहिल्यात “ते आहे” साठी इट’स आणि “त्याचं नाव” साठी इट्स नेम. “बदललं” हे क्रियापद तिथं चेंज्ड म्हणून उघड आहे, त्यामुळे दुसऱ्या इज ला जागाच नाही.

दुसऱ्यात वाजवतंय मधला य सापडला असेल : हू’ज.

तिसऱ्यात “त्यांच्या” आलं तरी आजोबा एक आहेत. हिज रूम. इथं देअर लिहिलं असेल तर चौथी पायरी पुन्हा वाचा.

चौथ्यात वाळलंय साठी इट’स ड्राय, त्याच्या शेंगा साठी इट्स पॉड्स. “फुटायल्यात” मध्ये आहेत दडलाय खरा, पण तो शेंगांचा आहे आणि त्याच्यासाठी आर वेगळा लिहायचाय : इट्स पॉड्स आर बर्स्टिंग.

पाचव्यात बोलतोयस ला यू’र, बोलणं हे नाम म्हणून युअर.

सहाव्यातलं “आलेत” द गेस्ट्स हॅव कम असं सरळ होतं. बसलेत ला दे’र सिटिंग. चपलांच्या आधी वारसाचं देअर, आणि वाक्याच्या शेवटी जागेचं.

आता वहीचं पहिलं पान काढा आणि म्हशीचं वाक्य तपासा. शेपूट तिचं आहे, नाम पुढं आलंय, आणि हलवण्याचा इज आधीच वाक्यात बसलाय. टी आणि एस यांच्या मधे तुम्ही काही दिलं असेल तर ते खोडा.